कामिनीच्या विमानाची दुसरी बॅटरी

कामिनीच्या रुखवतात थर्माकोलचं एक विमान मांडलं होतं. रुखवतात थर्माकोलची देवळं असतात, बैलगाड्या असतात, नवरा-नवरीच्या नावांचे बदाम असतात, त्यामुळे विमानाचं कोणाला काही वाटलं नाही. रतिलालनानांनाही नाही. शोभेची वस्तू, वर्षभर कपाटावर बसेल, पाली तिच्यात संसार थाटतील आणि एखाद्या दिवाळीच्या झाडलोटीत ती उकिरड्यावर जाईल, असा त्यांचा हिशेब. सव्वा महिन्याने त्यांची ही नवी सून पदराचं टोक दातात धरून मागच्या खळ्यात उभी राहिली, हातातल्या रिमोटची दांडी तिने पुढे ढकलली आणि रुखवतातलं विमान भर्रकन केळीच्या बागेवरून निघून गेलं. नाना तेव्हा ओट्यावर चहा पीत होते. अर्धा कप पायजम्यावर सांडला.

प्रकाशा या तीर्थक्षेत्राच्या खालच्या अंगाला, तापीच्या काठावर गुजरांचं गाव हे. केळी, ऊस, कापूस, आणि दुसऱ्याच्या घरात काय चाललंय याची अखंड चौकशी. चार दिवसांत गावभर झालं. सुनेने लाटणं फिरवावं, ही रिमोट काय फिरवते? पारावर नानांना पाहिलं की कोणीतरी हळूच वर आभाळाकडे बघायचं. नाना सगळं गिळून गप्प बसायचे. सुनेला बोलणार कसं? सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, हा त्यांच्या घरातला जुना रिवाज. काय सांगायचं ते बायकोला, जसोदाबाईंना, सांगायचं आणि जसोदाबाईंनी ते तीन हातांवर उभ्या असलेल्या सुनेला पुन्हा सांगायचं. मुलगा हेमकांत सुरतेला नोकरीला, शनिवारी रेल्वेने नंदुरबारला उतरून घरी यायचा, आणि त्याचं मत विचारलं तर म्हणायचा, "तिनं डिप्लोमा कयेल शे नाना, तिले कळस." म्हणजे तिकडूनही काही आशा नव्हती.

मग कामिनीने विमानाच्या नाकावर कॅमेरा बसवला. बोराएवढा कॅमेरा, त्याला चिकटलेला आगपेटीएवढा ट्रान्समीटर, आणि खाली शाळेच्या पाटीएवढा पडदा. ऊन लागू नये म्हणून पडद्याभोवती पुठ्ठ्याचं खोकं. विमान जिथे जाईल तिथलं चित्र पडद्यावर दिसायचं. दिसायचं म्हणजे, दिसायला हवं होतं. विमान नुसतं तरंगत असलं की चित्र छान, पण वर चढवायला मोटरचा जोर वाढवला रे वाढवला की पडदा काळा. पुन्हा जोर कमी केला की चित्र हजर. आठ दिवस ती पोर वायरी सोडत होती आणि जोडत होती. तिच्या तोंडची भाकर कमी झाली, तेव्हा जसोदाबाईंचा जीव राहिना.

"ती म्हनस, मोटर जोरमा चालनी का कॅमेरा मरी जास," जसोदाबाईंनी नवऱ्याला सांगितलं. "तुम्ही इतला वरीस वायरमन व्हतात, तुम्हले काही समजस का?"

नानांनी पेपर खाली ठेवला. सबंध नोकरी त्यांनी हीच तक्रार ऐकली होती. वावरातली मोटर सुरू झाली की घरातला बल्ब मंद होतो, टीव्ही बंद पडतो, आणि माणूस वायरमनच्या नावाने शंख करत दारात येतो.

"तिले सांग," नाना म्हणाले, "घरना बल्ब आन वावरनी मोटर एकच वायरवर कोनी टाकस का? मोटर सुरू व्हयनी का सगळा करंट तीच ओढी लेस. कॅमेराले येगळा फीडर दे, येगळी लाइन."

जसोदाबाई वळल्या. "ते म्हनतस, घरना बल्ब..."

"आयकं मी," कामिनी म्हणाली. "पन दुसरी बॅटरी टाकी ते वजन वाढस."

"वजन वाढस म्हने," जसोदाबाई इकडे.

"मंग लहान टाक म्हना!" नाना उठलेच. हेमकांतचा बंद पडलेला लॅपटॉप माळ्यावर धूळ खात होता. त्याच्या बॅटरीतले दोन सेल अजून जिवंत निघाले. नानांनी ते चिकटपट्टीने बांधले, कामिनीने सोल्डरचा डाग दिला. मोटरची बॅटरी मोटरला, कॅमेऱ्याचे दोन सेल कॅमेऱ्याला. संध्याकाळी विमान सरळ वर चढलं, आणि पडद्यावर तापीचं अख्खं वळण एकदाही न विझता उलगडत गेलं. जन्मभर ज्या नदीचं पाणी प्यायले ती नानांनी वरून पहिल्यांदा पाहिली. डोळे पुसत ते थेट सुनेलाच म्हणाले, "वा, बेटा!" जसोदाबाई मध्ये उभ्या होत्या, त्यांना कोणी काही सांगायला सांगितलंच नाही.

यातली एक बारीक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी होती. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसायचा, बॅटरीत किती जीव उरला त्याचा. आधी तो मोटरच्या बॅटरीचा होता. आता कॅमेऱ्याला वेगळे सेल लागले म्हटल्यावर आकडा त्या सेलांचा झाला. ते सेल तीन-चार तास संपत नसत. मोटरची बॅटरी मात्र सात मिनिटांत बसे. म्हणून कामिनी उडवताना घड्याळ लावायची आणि नानांच्या हातात द्यायची. पाच मिनिटं झाली की नाना म्हणायचे, "चाल घर." विमान फिरायचं.

आता नवलसिंगचं सांगायला हवं. नाना वीज कंपनीत तीस वर्षं खांबावर चढले आणि त्या तीसही वर्षांत खाली नवलसिंग उभा होता. धडगावकडच्या डोंगरातून आलेला, रोजंदारीवरचा हेल्पर. नाना कायम झाले, नवलसिंग शेवटपर्यंत रोजंदारीवरच राहिला. नाना खांबावर चढण्याआधी तो डीपीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले, तीन फ्यूज काढायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा. मग कोणी येवो. सरपंच येवो, ऊस वाळतोय म्हणून शिव्या देणारा बागाईतदार येवो, खिशावरचा हात नवलसिंग काढायचा नाही. नाना स्वतः जमिनीवर पाय टेकवून "उतरनू रे" म्हणाले की मगच फ्यूज बाहेर. आजूबाजूच्या गावांतले दोन वायरमन असेच गेले, खाली कोणीतरी घाईने लाइन जोडली म्हणून. नाना रोज संध्याकाळी घरी येऊन ताटावर बसले ते त्या खिशाच्या जोरावर, हे ते कोणालाही सांगायचे. निवृत्तीच्या सत्काराचा नारळ त्यांनी तसाच उचलून नवलसिंगच्या हातात ठेवला होता. नवलसिंगने तो फोडून सगळ्यांना वाटला आणि स्वतःला करवंटी ठेवली.

काम सुटल्यावर नवलसिंगने बकऱ्या घेतल्या. नदीच्या मधोमध एक लांबट बेट आहे, झाऊच्या झुडपांचं रान आणि थोडं गवत. पाणी उतरलं की घोटाभर धारेतून चालत जाता येतं. बकऱ्या तिथेच सोडून तो घरी यायचा.

भाद्रपदातली सकाळ होती, ऊन स्वच्छ. इकडे पावसाचा थेंब नव्हता, पण वरच्या भागात धो धो कोसळून गेला होता. धरणातून पाणी सुटणार म्हणून आदल्या संध्याकाळी दवंडी झाली, पहाटे भोंगाही वाजला. सगळ्यांनी ऐकला. नवलसिंगनेही ऐकला आणि ऐकूनच तो बेटावर गेला, बकऱ्या आणायला. नऊ वाजता त्याची बायको कमलीबाई नानांच्या दारात उभी राहिली. तिच्या पायात चप्पल नव्हती.

"भाऊ, ते पहाटलेच गयात. आते पानी चढनं. फोन लागत नही."

नाना तसेच उठून घाटावर गेले. तापी लाल झाली होती, काठाला लागून असलेली झुडपं गपागप बुडत होती. बेट अर्ध्याहून कमी उरलं होतं आणि काठावरून त्याचा फक्त एक हिरवा पट्टा दिसत होता. तहसीलला फोन झाला होता. बचावाचं पथक निघालं होतं, पण वाटेत दुसऱ्या एका गावात अडकलं होतं. दुपार होणार होती. आणि पाणी दुपारपर्यंत आणखी हातभर चढणार, असं नदीवर जन्म काढलेले सगळेच सांगत होते.

घाटावर नाव होती ती हिलाल भोयाची. हिलाल भित्रा नव्हता. बुडत्याला काढण्यात त्याचा हात धरणारा त्या काठावर कोणी नव्हता. तो नावेला टेकून उभा होता आणि त्याने कोणालाही न दुखावता सरळ सांगितलं.

"नाना, मानूस तठे शे आसं दिखू द्या, मी ह्याच घडीले नाव टाकस. पन तो धारमा वाही गया व्हई ते? मंग बकऱ्यासाठे तीन जन कसा मारू? आन शे ते कोनता अंगले शे? दोन्ही बाजूले धार शे. मी एकदाव चुकनू का परत येवानं नही."

त्याचं काय चुकलं? काहीच नाही. कमलीबाई ऐकत होती. ती रडलीसुद्धा नाही, नुसती खाली बसली. नवलसिंग बेटावर आहे की नाही, एवढंच कळायला हवं होतं, आणि ते कळायची सोय अख्ख्या गावात एकाच घरी होती. नाना घराकडे वळले तर समोरून कामिनी येत होती. एका बगलेत विमान, दुसऱ्या बगलेत पुठ्ठ्याचं खोकं, पदर कमरेला खोचलेला. तिला बोलावायला कोणाला जावं लागलं नाही.

तिने घाटाच्या वरच्या पायरीवर पडदा मांडला. विमान हातात धरून नानांकडे दिलं. "नाना, जोरमा फेका. आन पाच मिनिट व्हयनात का सांगा. वारा समोरना शे, परत येवाले टाइम लागी. तो आकडा देखू नका, घड्याय देखा."

"हा," नाना म्हणाले आणि फेकलं.

विमान पाण्यावरून गेलं. खोक्यात डोकी खुपसून पाच-सहा जण बघत होते, कमलीबाई सगळ्यांच्या पुढे. पडद्यावर नुसतं लाल पाणी सरकत होतं, वाहून चाललेलं एक झाड, मग बेटाची कड. मग बकऱ्या! उंचवट्यावर दाटीवाटीने उभ्या, नऊ की दहा. माणूस नव्हता. कामिनीने एक चक्कर मारली, खालून दुसरी मारली. झाऊ, पाणी, पुन्हा झाऊ. माणूस नव्हता.

नानांनी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं पुरी झाली होती. "चाल घर" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली. सात पूर्णांक नऊ व्होल्ट. भरपूर! तीस वर्षं मीटर वाचण्यात गेलेल्या माणसाला समोरचा आकडा खोटा वाटत नाही. त्यात कमलीबाईची मान त्यांच्या समोर होती, पडद्याच्या इतकी जवळ की तिचा श्वास काचेवर उमटत होता. अजून एक चक्कर होऊ दे, असं नानांच्या मनाने सांगितलं आणि ते गप्प बसले. चुकीच्या फीडरचं मीटर वाचून लाइन चालू आहे म्हणणारा वायरमन त्यांनी नोकरीत असताना पाहिला असता, तर त्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं.

तिसऱ्या चकरेत मोटर थांबली.

"नाना, किती व्हयनात?" कामिनीने पडद्यावरची नजर न हलवता विचारलं.

"सात," नाना म्हणाले.

मोटर गेली तरी पंखांची पाती हलवण्यापुरता जीव असतो, तेवढ्यावर तिने विमान पाण्यापासून ओढून बेटावर नेलं. पडद्यावर झाऊच्या फांद्या धावत अंगावर आल्या, सगळं गरगरलं, आणि मग एक आडवं चित्र उरलं. अर्धं आभाळ, अर्धी फांदी. हिलालने नावेचा दोर पुन्हा खुंटीला गुंडाळायला घेतला.

"मन्ही चूक शे," नाना मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तिनं माले सांगं व्हतं, घड्याय देखा. मी आकडा देखा. पोरनी काही चूक नही. कमलीबाई, मी घात कया तुन्हा."

कमलीबाईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती पडद्याला डोळे लावून बसली होती. कामिनीही जागची हलली नव्हती.

"नाना," ती म्हणाली, "चित्र चालू शे."

खरंच चालू होतं. मुंग्या आल्यासारखं बरबटलेलं, मध्येच तुटणारं, पण चालू. फांदी वाऱ्याने हलत होती. मोटरची बॅटरी मेली होती, लॅपटॉपचे दोन सेल आपलं काम करत होते. कोणी काही ठरवलं नाही, पण सगळे बघत राहिले. एक मिनिट गेलं. एका बकरीचं तोंड आलं, तिने कॅमेरा हुंगला आणि ती गेली. कोणी हसलं नाही. आणखी दोन मिनिटं गेली. मग बकरी गेली त्याच बाजूने एक पाय आला. उघडा, चिखलाने भरलेला, जमिनीवर घासत येणारा.

"हाऊ पाय त्यास्ना शे," कमलीबाई म्हणाली. आवाज अगदी शांत.

मग पडदाभर नवलसिंगचं तोंड आलं, आडवं. पांढऱ्या दाढीत चिखल, डोळे बारीक केलेले. झाऊच्या दाट रानात तो मुरगळलेला पाय घेऊन पडला होता. वरून दिसणं शक्यच नव्हतं. विमान पाचव्या मिनिटाला माघारी आलं असतं, तर घाटावरच्या सगळ्यांनी बेट रिकामं आहे म्हणून कपाळाला हात लावला असता. नाना पुढे कितीदा तरी ही गोष्ट सांगताना म्हणाले, म्हणून माझ्या चुकीला कोणी शहाणपण म्हणू नका. चूक ती चूकच, तिचं भलं केलं ते देवाने आणि सुनेच्या दोन सेलांनी.

कमलीबाईने पडद्यावरच्या तोंडावर आपला तळवा ठेवला. मग तिला रडू फुटलं. तिच्याबरोबर आणखी कितीजण रडले ते मोजायला कोणी शुद्धीवर नव्हतं.

नवलसिंगने विमान उचललं. ते कोणाचं, हे त्याला माहीत होतं. त्याने कॅमेऱ्यात पाहिलं, सेलांवर बोट ठेवलं, ते गरम लागले असावेत, आणि त्याचं तोंड एकदम उजळलं. आपल्याला बघतायत हे त्याला कळलं. त्याने ना हात हलवले, ना ओरडला. विमान छातीशी धरून तो हळूहळू, पाय ओढत स्वतःभोवती फिरला. पडद्यावर पाणी आलं, पलीकडचा काठ आला, वीजवाहिनीचा उंच मनोरा आला. मग तो खाली सरकत बेटाच्या शेपटाकडे गेला आणि तिथे थांबून राहिला. तिथे काळ्या खडकाआड पाणी संथ होतं, एवढं संथ की त्यात आभाळ दिसत होतं.

"खालना अंगले! काया खडकना आड!" हिलाल ओरडला. दोर त्याच्या हातातून कधी सुटला ते त्यालाही कळलं नाही. दोघांना घेऊन त्याने नाव लोटली. बरीच वरून नेली, धारेत सोडली, आणि धारेने ती तिरपी ओढत नेली. मग ती बेटाआड गेली.

थांबण्याखेरीज हातात काही राहिलं नाही. कामिनी रिमोट मांडीवर ठेवून बसली होती. नाना तिच्याशेजारी पायरीवर बसले. सगळ्या गावासमोर, मध्ये कोणी नसताना.

"बेटा," ते म्हणाले, "तू आम्हना घर उनी, हाई मन्हं नशीब शे. मी तुन्हा इमानले उकिरडामा फेकनार व्हतू. माले माफ कर."

"नाना, फीडर येगळा कराना तुम्हीच सांगं व्हतं ना," ती म्हणाली आणि रडता रडता हसली.

पडद्यावर मघाशी नुसता खडक दिसत होता. मग हात आले, नावेचा लाकडी काठ आला, चित्र डुलायला लागलं. म्हणजे त्याला नावेत घेतलं! नानांनी डोळे पुसले आणि खोक्यात तोंड घातलं ते बाहेर काढलंच नाही. पाणी, पाणी, उसळणारं पाणी. मग चित्र हळूहळू स्वच्छ झालं, मुंग्या गेल्या, आणि समोर एक काठ दिसायला लागला. पायऱ्या. पायऱ्यांवर माणसंच माणसं, सगळी हात हलवत होती, सगळी इकडेच बघत होती. फक्त एक म्हातारा नदीकडे पाठ करून एका पुठ्ठ्याच्या खोक्यात डोकं घालून बसला होता.

'आता हा कोण येडा?' नानांच्या मनात आलं. सगळी दुनिया माणसाला घ्यायला धावतेय आणि हा पाठ फिरवून बसलाय.

"नाना," कामिनी म्हणाली, "मांगे देखा."

नाना वळले. नाव पायरीला लागत होती. नवलसिंग हिलालच्या खांद्याला धरून एका पायावर उभा होता, मोडक्या पंखाचं विमान त्याने छातीशी कवटाळलं होतं. कमलीबाई गुडघाभर पाण्यात पोचली होती आणि त्याच्या पाठीत बुक्के मारत होती. नाना चपलांसकट पाण्यात उतरले. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि तसेच उभे राहिले.

"हात कसाले जोडस, भाऊ?" नवलसिंग म्हणाला. "हात दे. पाय दुखी ऱ्हायना."